राष्ट्रीय प्रॅक्टिकल पिस्तूल सामना: वेग वाढवायचा की गुण वाचवायचे?

ठिपका
नमस्कार मंडळी. क्लब पातळीवरून थेट राष्ट्रीय सामन्यात उतरणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय. डिव्हिजन प्रॉडक्शन ऑप्टिक्स (फॅक्टरीचं पिस्तूल, वर ठिपका दाखवणारी साइट), ९ मिमी, म्हणजे गुणांकन मायनरच (कमी ताकदीच्या काडतुसांचं). आयपीएससी (या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना) नियम, १२ स्टेज (घड्याळ लावून मारायच्या टार्गेटांच्या मांडण्या), हातात आठ आठवडे. प्रश्न सरळ आहे: या आठ आठवड्यांत वेगावर मेहनत घ्यावी, की "ए"ची टक्केवारी वाढवावी? आणि पहिल्यांदा जाणारे नेमके कुठे माती खातात? कृपया "मजा करा, अनुभव घ्या" छापाची उत्तरं नकोत, आकडे द्या.

मीठमिरची
मजा करा, अनुभव घ्या.

घड्याळवाला
आकडे हवेत ना, घ्या.

मायनरमध्ये ए (टार्गेटचा मधला भाग) म्हणजे ५, त्याबाहेरचे सी ३, डी १. मिस किंवा नो-शूटला (न मारायच्या टार्गेटला) लागलेली गोळी प्रत्येकी उणे १०. एकूण गुण भागिले सेकंद म्हणजे हिट फॅक्टर. समजा लाँग स्टेज आहे, १६ कागदी टार्गेट, प्रत्येकी दोन, म्हणजे ३२ गोळ्या आणि १६० गुण.

पहिला नेमबाज २४ ए आणि ८ सी मारतो, वेळ २०.०० सेकंद. गुण १४४, हिट फॅक्टर ७.२०.
दुसरा ३० ए आणि २ सी, वेळ २१.५०. गुण १५६, हिट फॅक्टर ७.२६.

दीड सेकंद सावकाश जाऊनही दुसराच पुढे. आता पहिल्याच्या एका सीऐवजी मिस धरा. गुण १३१, हिट फॅक्टर ६.५५. स्टेज जिंकणारा म्हणून दुसऱ्याला पूर्ण १६० मिळतात, याला हिट फॅक्टरच्या प्रमाणात साधारण १४४. एका गोळीने तो किती मागे गेला बघा. ती मिस भरून काढून पुन्हा ७.२० गाठायला त्याला तीच स्टेज १८.२ सेकंदांत मारावी लागली असती. तेवढा वेग आठ आठवड्यांत कुणाच्या अंगात येत नाही.

म्हणून माझं मत: मिस बंद करा, वेग आपसूक येतो.

बोटबाहेर
घड्याळवाल्यांचं गणित बरोबर आहे, निष्कर्ष मात्र अर्धाच. सगळ्या स्टेज लाँग नसतात. आयपीएससीमध्ये शिफारस तीन शॉर्ट, दोन मीडियम, एक लाँग अशी आहे. शॉर्ट कमाल १२ गोळ्यांची, मीडियम २४, लाँग ३२. १२ स्टेजच्या सामन्यात ६ शॉर्ट, ४ मीडियम, २ लाँग. सगळ्या भरून मांडल्या तर गुण ३६० + ४८० + ३२० = ११६०. म्हणजे ज्या शॉर्ट स्टेजकडे लोक "हे काय, दहा सेकंदांचं काम" म्हणून बघतात, त्यांचे मिळून गुण दोन लाँग स्टेजपेक्षा जास्त भरतात.

शॉर्ट स्टेजवर वेळ कसा चावतो ते बघा. ६० गुणांची स्टेज, जिंकणारा ५४ गुण ५.४ सेकंदांत, हिट फॅक्टर १०. तुम्ही तेच ५४ गुण मारले, पण मॅगझिन बदलताना अडखळलात आणि ७.४ लागले. हिट फॅक्टर ७.३, स्टेजचे गुण ४४. सोळा गुण गेले! वर लाँग स्टेजवर एका मिसने जेवढे गेले, तेवढेच. मिस एकही नाही, तरीही.

घड्याळवाला
मान्य. पण तुमच्या उदाहरणातले दोन सेकंद वेगाअभावी गेलेले नाहीत, चुकीमुळे गेलेत. मिस असो की अडखळणं, दोन्ही चुकाच. मी "सावकाश जा" असं कुठे म्हटलं?

बोटबाहेर
"मिस बंद करा" वाचून नवखा प्रत्येक गोळीआधी ठिपका स्थिर व्हायची वाट बघत बसतो, ही भीती आहे. किती वाट बघणं परवडतं ते हिट फॅक्टरवर ठरतं. मायनरमध्ये एऐवजी सी म्हणजे २ गुण गेले. हिट फॅक्टर ४ च्या स्टेजवर ते अर्ध्या सेकंदाएवढे, ८ च्या स्टेजवर पाव सेकंद, १२ च्या स्टेजवर ०.१७ सेकंद. म्हणजे १२ च्या जवळच्या उघड्या टार्गेटवर एक सी सुधारायला थांबणं तोट्याचं. ४ च्या स्टेजवर, जिथे २५ मीटरवर अर्धं टार्गेट नो-शूटमागे आहे, तिथे अर्धा सेकंद जास्त घेऊन ए मिळत असेल तर तो घ्यायचाच. स्टेज बघितल्यावर हिट फॅक्टर साधारण किती येईल याचा अंदाज करता येणं हे खरं कौशल्य.

कोराकागद
मेजरवाल्यांना (जास्त ताकदीची काडतुसं मारणाऱ्यांना) हे गणित वेगळं पडतं का?

बोटबाहेर
हो. मेजरला सी ४ चा, म्हणजे एकच गुण जातो. स्टँडर्ड डिव्हिजनमधल्या मित्राला बघून आपला वेग ठरवू नका.

दाणेदार
तुमचा वेग-अचूकतेचा वाद चालू दे. मी गोळाबारुदावर येतो, कारण अर्धे लोक तिथेच पडतात.

पॉवर फॅक्टर म्हणजे गोळीचं वजन ग्रेनमध्ये गुणिले वेग फूट प्रति सेकंद, भागिले १०००. मायनरला किमान १२५. दशांश सोडून देतात, १२४.९९ म्हणजे १२५ नव्हे. आता खोक्यावर १२४ ग्रेन लिहिलेली गोळी काट्यावर १२३.६ भरते, हे सर्रास. सरासरी वेग १०१० धरा: १२४ ने गुणलं तर १२५.२, पास. १२३.६ ने गुणलं तर १२४.८, नापास. मायनर गाठलं नाही तर खाली सरकायला दुसरं काही नाही. गोळ्या मारता येतात, पण निकालात नाव नाही.

क्रोनोवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) आठ काडतुसं घेतात. एकाची गोळी काढून वजन. तीन मारून सरासरी. कमी भरलं तर आणखी तीन मारतात आणि सहांतले सर्वांत वेगवान तीन धरतात. तरीही कमी, तर शेवटचं एक उरतं. ते वजन करायचं की मारायचं ते तुम्ही ठरवायचं. तिथपर्यंत वेळ आणू नका, १३० वर भरा. १२४ ग्रेनची गोळी साधारण १०५० च्या वेगाने गेली की १३० होतं. आपल्याच नळीतून मोजा. ५ इंची नळीतला वेग ४ इंचीत मिळत नाही. काही पावडरी थंडीत मंदावतात, त्यामुळे दुपारच्या उन्हात मोजलेला आकडा सकाळच्या गारव्यात टिकेलच असं नाही.

कोराकागद
क्रोनोसाठी आठ काडतुसं जरा जोरदार भरून वेगळी ठेवली तर? (विचारतोय फक्त)

दाणेदार
(उत्तर देतोय फक्त) नमुना तुमच्या पट्ट्यावरच्या मॅगझिनमधूनही, केव्हाही घेऊ शकतात. आणि ही सरळ फसवणूक आहे.

आता काडतुसांची तपासणी. सामन्यासाठीचं प्रत्येक काडतूस केस गेजमधून (माप तपासायच्या साच्यातून) घाला. बुडाशी फुगलेलं पितळ तिथेच अडकतं. गेजमध्ये शंभर काडतुसं उभी असताना प्रायमरवरून (बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीवरून) बोटाचं पेर फिरवा. प्रायमर बुडाच्या पातळीच्या किंचित आत हवा. बोटाला उंचवटा लागला की ते बाहेर काढा. उंच प्रायमरवर फायरिंग पिनचा पहिला घाव त्याला खाली बसवण्यातच जातो, मग "टक्" आणि शांतता. हलकी हॅमर स्प्रिंग बसवलेल्यांनी तर हे दोनदा करा. नाकारलेली काडतुसं वेगळ्या डब्यात, सरावाला.

मीठमिरची
म्हणजे बायको तांदूळ निवडते तसं.

दाणेदार
तुम्हीच निवडत जा तांदूळ, सराव होईल.

संख्या: वरच्या हिशेबाने १२ स्टेजच्या किमान गोळ्या ७२ + ९६ + ६४ = २३२. क्रोनो, झिरो (साइटचा जुळवलेला नेम) तपासणं, जादा गोळ्या आणि दोन-तीन रीशूट (स्टेज पुन्हा मारणं) धरून ३५० न्या. विमानाने जाणार असाल तर सहसा एका प्रवाशाला खोक्यासकट ५ किलोची मर्यादा असते. १२४ ग्रेनचं काडतूस साधारण १२ ग्रॅमचं, म्हणजे ३५० आरामात बसतात, ५०० नाही.

आरओ_टोपी
पहिल्यांदा जाणारे कुठे माती खातात, हे विचारलंय म्हणून लिहिते. डिस्क्वालिफाय होणाऱ्यांत हळू नेमबाज फारसे नसतात. ठरलेली चार-पाच ठिकाणं आहेत.

उजव्या हाताने मारणारा डावीकडे धावताना मॅगझिन बदलतो तेव्हा नळी टार्गेटच्या दिशेपासून ९० अंशांपलीकडे जाते. कारण साधं आहे. शरीर डावीकडे वळलेलं, आणि मॅगझिन भरताना सवयीने नळी शरीराच्या डावीकडे झुकते. म्हणजे थेट मागे, आम्हा आरओंकडे (रेंज ऑफिसर, स्टेजवरचे पंच)! उजवीकडे धावताना तीच सवय निरुपद्रवी असते, म्हणून सरावात लक्षात येत नाही. उपाय: डावीकडे निघायचं असेल तर पहिल्या पावलाआधीच मॅगझिन बदला, किंवा नळी टार्गेटकडे ठेवून कोपर पोटाशी घेऊन बदलायचा स्वतंत्र सराव करा.

दुसरं, स्टेज संपल्यावर. "इफ यू आर फिनिश्ड, अनलोड अँड शो क्लिअर" ऐकलं की आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे, मग चेंबरमध्ये स्वतः बघा. घाईत उलट क्रम झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, तर नवी गोळी चेंबरमध्ये जाऊन बसते. पुढे "हॅमर डाउन"ला चाप दाबला की धडाम. सुंदर स्टेज मारून घरी.

तिसरं, सेफ्टी एरियात (रिकामं पिस्तूल हाताळायच्या जागेत) काडतूस हाताळणं. डमी काडतूससुद्धा चालत नाही.

चौथं बऱ्याच जणांना माहीत नसतं. रिकामं पिस्तूल स्टेजबाहेर, चालताना होल्स्टरमधून पडलं तर तो गुन्हा नाही. पण ते तुम्ही स्वतः उचललंत तर डिस्क्वालिफाय. हात वर करा, आरओला बोलवा, ते उचलतील. स्टेज मारताना पडलं तर मात्र सुटका नाही.

आणि हलताना, मॅगझिन बदलताना, अडकलेलं काडतूस काढताना बोट चापाबाहेर. दिसेल असं बाहेर.

बोटबाहेर
माझ्या नावाचा उल्लेख केल्याबद्दल आभार.

गावठीनेम
एक अवांतर. याला मराठीत काय म्हणायचं? "व्यावहारिक नेमबाजी"? ऐकायला बँकेचं खातं वाटतं.

मीठमिरची
पळापळीची नेमबाजी.

घड्याळवाला
संस्थेचं ब्रीद लॅटिनमध्ये आहे, डीव्हीसी: दिलिजेन्तिया, विस, चेलेरितास. अचूकता, ताकद, वेग. १९७६ साली मिसुरीतल्या कोलंबिया इथे जेफ कूपर वगैरे मंडळींनी आयपीएससी स्थापन केली तेव्हापासूनचं. अचूकता पहिली लिहिलीय, एवढंच नमूद करतो.

बोटबाहेर
आणि वेग गाळलेला नाही, एवढंच नमूद करतो.

काचवाला
ऑप्टिक्सवाल्यांसाठी. माउंटचे स्क्रू तेल पुसून, लॉकिंग द्रव लावून, टॉर्क ड्रायव्हरने निर्मात्याने दिलेल्या मापावर घट्ट करा आणि एक दिवस सुकू द्या. मग स्क्रूच्या डोक्यावरून स्लाइडपर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ मारा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. सामन्याच्या रोज सकाळी ही रेघ बघायला दहा सेकंद लागतात. झिरो सरकल्यावर कारण शोधण्यात अख्खी स्टेज जाते.

बॅटरी सामन्याच्या आदल्या आठवड्यात बदला, आदल्या रात्री नको. नवी बॅटरीही कधी खराब निघते, सरावात एकदा तपासलेली बरी. उघड्या एमिटरच्या साइटमध्ये पावसाचा एक थेंब एमिटरवर (ठिपका पाडणाऱ्या दिव्यावर) बसला की ठिपका फुटतो किंवा गायब होतो. पावसात शेवटच्या क्षणापर्यंत झाकण ठेवा, खिशात कोरडं फडकं ठेवा. ठिपक्याची तीव्रता उन्हातल्या पांढुरक्या टार्गेटवर ठरवा. सावलीत छान दिसणारा ठिपका उन्हात विरतो.

ठिपका
सगळ्यांचे आभार, भरपूर मिळालं. स्टेज प्लॅनबद्दल कुणी लिहील का? ३२ गोळ्यांच्या स्टेजवर मॅगझिन कुठे बदलायचं हे नेहमी गोंधळाचं होतं.

चौकटराजा
आपल्या डिव्हिजनमध्ये मॅगझिनमध्ये १५, चेंबरमध्ये एक. १६ + १५ = ३१. स्टेज ३२ ची! एकही जादा गोळी न मारता तुम्हाला दोनदा मॅगझिन बदलावंच लागतं. तेव्हा "दुसरं कसंबसं पुरवू" हा विचारच सोडा. दोनदा बदलायचंच आहे तर दोन्ही वेळा धावण्याच्या लांब पट्ट्यात बदला, आत ५-६ गोळ्या उरल्या असल्या तरी. उभं राहून बदललेलं मॅगझिन वेळ खातं, पाय चालत असताना बदललेलं जवळजवळ फुकट पडतं. आणि प्रत्येक ठाण्यावर एक-दोन गोळ्या जादा राहतील असं बघा. पॉपर (गोळी लागली की पडणारं पोलादी टार्गेट) चुकला की हिशेब लगेच कोलमडतो.

प्लॅन करताना आधी सगळी टार्गेट मोजा. बोर्डावर १६ लिहिलंय आणि तुम्हाला १५ सापडली, तर उरलेलं एक भिंतीमागे आहे. ते कुठल्या एकाच जागेवरून दिसतं ते शोधा. अशा "एकाच जागेवरून दिसणाऱ्या" टार्गेटांवरून उभं राहायच्या जागा ठरतात, बाकीची त्यांत वाटून टाका. जमिनीवर खूण धरा: खडा, फळीचा सांधा, काहीही. मग उलट बाजूने, टार्गेटकडून बघा: इथून मी कुठे उभा दिसेन? दोन-तीन प्लॅन चांगले वाटले तर ज्यात कमी लक्षात ठेवायचंय तो निवडा. आपली पाळी यायच्या आधी चार नेमबाज असताना प्लॅन गोठवा. समोरच्याने काही भारी केलेलं बघून शेवटच्या मिनिटाला बदलला, की एखादं टार्गेट हमखास राहून जातं. तेव्हा दोन मिस आणि वर एक प्रोसिजरल (नियम मोडल्याचा दंड), एकूण उणे ३०.

झुलणारं टार्गेट असेल तर आधी ते चालू करणारा पॉपर, मग मधलं एक स्थिर टार्गेट, मग झुला. पॉपर पडून झुला सुटेपर्यंतचा वेळ स्थिर टार्गेटवर खर्च होतो. झुला टोकाला क्षणभर थांबतो, तिथे मारा. मधून त्याच्या मागे धावू नका.

गावठीनेम
प्लॅन करताना लोक हाताची पिस्तूल करून हवेत नेम धरतात, ते नियमात बसतं का? बघायला फार गंमत येते.

आरओ_टोपी
स्वतःचे हात चालतात. खरं किंवा नकली पिस्तूल, त्याचा एखादा भाग, हे काही चालत नाही. नियमातच तसं लिहिलंय, त्यामुळे ती गंमत अधिकृत आहे.

कोराकागद
पॉपरला गोळी लागली, आवाज आला, पण पडला नाही तर? पुन्हा मारायचा की सोडून तक्रार करायची?

दाणेदार
पुन्हा मारायचा. नेहमी.

घड्याळवाला
नेहमी नाही. पॉपर उभा सोडून कॅलिब्रेशनची (तो नीट पडतो का याच्या तपासणीची) मागणी करता येते. अधिकारी तुमच्या जागेच्या शक्य तितक्या जवळून, मायनरच्या उंबरठ्याएवढ्या किंवा त्याहून हलक्या काडतुसाने मारून बघतात. नाही पडला तर तुम्हाला रीशूट. पडला तर तुमची मिस. स्टेज आधीच बिघडलेली असेल तर मागणी करून बघण्यात काही जात नाही.

दाणेदार
पडला तर ५ गेले आणि वर उणे १०. पुन्हा मारायला किती, पाव-अर्धा सेकंद? बहुतेक वेळा गोळी खाली, बुंध्याकडे लागलेली असते आणि अधिकाऱ्याची मधल्या वर्तुळात लागते. पडणारच.

आरओ_टोपी
दाणेदारांशी सहमत, एक भर घालून: दोनदा मध्यावर बसली आणि तरी उभा, तर सोडा आणि मागणी करा. पण मग त्या पॉपरला कुणालाही हात लावू देऊ नका. पुन्हा मारून पाडलात तर तक्रारीचा प्रश्नच मिटला. आणि तुमचं स्वतःचं पिस्तूल अडकलं, मॅगझिन पडलं, याला रीशूट नाही. दुरुस्तीला दोन मिनिटं, नंतर थांबवतात.

गुण मोजतानाही सोबत चाला, किंवा कुणाला तरी पाठवा. मोजणी पूर्ण व्हायच्या आत टार्गेटला हात लावू नका. रेघेवरच्या छिद्रावर शंका असेल तर चिकटपट्टी लागण्याआधी बोला. टॅबलेटवर सही करण्यापूर्वी वेळ आणि हिटांची बेरीज जुळवा, ३२ गोळ्यांच्या नोंदी ३१ भरल्या असतील तर तेव्हाच सापडतं.

चौकटराजा
मूळ प्रश्नावर येऊ या का? धागा पॉपरसारखा अडकलाय.

बोटबाहेर
आठ आठवडे. पहिले सहा: रोज २० मिनिटं कोरडा (गोळ्यांविना) सराव, त्यातला अर्धा वेळ फक्त सुरुवातींवर. खुर्चीवर बसून, पाठमोरं उभं राहून, आणि मुख्य म्हणजे रिकामं पिस्तूल आणि सगळी मॅगझिन टेबलावर. ही सुरुवात शॉर्ट स्टेजवर हमखास येते आणि सराव कुणी करत नाही. नुसत्या डाव्या हाताने ठिपका शोधायचा सरावही यातच, तिथे ठिपका काचेबाहेर पळतो. आठवड्यातून एकदा प्रत्यक्ष १५० गोळ्या, त्यातल्या ५० २५ मीटरवर.

घड्याळवाला
हे चालेल. माझी एकच भर: प्रत्येक प्रत्यक्ष सरावात हिट फॅक्टर लिहा, नुसता वेळ नको. मिस झाली तर तो प्रयत्न शून्य धरा.

बोटबाहेर
शून्य? उणे १० पुरे आहे.

दाणेदार
शेवटचे दहा दिवस साहित्यात काहीही बदलू नका. नवी स्प्रिंग, नवा होल्स्टर, नवी पावडर, काही नाही. मॅगझिनांवर आकडे रंगवा. अडकलं की कुठलं ते कळतं, ते सरावाच्या पिशवीत टाका. माती लागलेलं मॅगझिन पुढच्या स्टेजआधी उघडून ब्रश फिरवा. सुटे भाग: एक्स्ट्रॅक्टर, फायरिंग पिन, रिकॉइल स्प्रिंग.

ठिपका
म्हणजे वेग की गुण याचं उत्तर "टेबलावरचं रिकामं पिस्तूल" असं निघालं. आजपासून सुरू. गेज मागवलंय, काडतुसं उद्या निवडायला घेतो.

मीठमिरची
तांदूळही घ्या बरोबर.